माकडताप आणि ‘भागीदारी’ : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

सिंधुदुर्गातील माकडताप (गोचीड चावल्याने होणारा विषाणूजन्य ताप) आटोक्यात ठेवायचा असेल तर आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन ही खाती, ग्रामपंचायती, काजू बागायतदार आणि खासगी डॉक्टर यांनी मिळून काम केले पाहिजे, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण दोडामार्ग तालुक्यातून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : आरोग्य हे सरकारचे काम आहे; ‘भागीदारी’च्या नावाखाली ते लोकांच्या गळ्यात मारले जाते; जबाबदारी सर्वांची झाली की ती कोणाचीच राहत नाही; आणि बैठकांवर वेळ घालवण्यापेक्षा सरकारने लस द्यावी.

आपल्या रागामागचे कारण खरे आहे. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी या पट्ट्यातील गंभीर आजारी माणूस वर्षानुवर्षे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेला जातो, कारण तेवढ्या तोडीची सोय जवळपास नाही. २०१८ च्या सुरुवातीला तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेणे सुरू झाले, तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभे राहिले ते याच हतबलतेतून. ज्या तालुक्याने हे भोगले आहे, तिथल्या माणसाला ‘सहकार्य करा’ हे शब्द पोकळ वाटणे स्वाभाविक आहे. तज्ज्ञ डॉक्टर, रक्ततपासणी, खाटा आणि रुग्णवाहिका पुरवणे हे सरकारचेच काम आहे आणि कोणत्याही भागीदारीने त्यातून सरकारची सुटका होत नाही, हे मी निःसंदिग्धपणे मानतो.

परंतु हा आजार आरोग्य खात्याच्या हद्दीत सुरूच होत नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे आजारी पडली. सुरुवातीला पीतज्वराची (यलो फिवर) शंका होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, हा वेगळाच विषाणू असल्याचे दाखवून दिले. अनेक दशके प्रामुख्याने शिमोगा आणि लगतच्या जिल्ह्यांत राहिलेला हा आजार २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ च्या जानेवारीत दोडामार्गात दिसला, आणि आजाराच्या पुढच्याच हंगामात बांदा परिसरात पोहोचला. विषाणू राहतो गोचिडीत आणि जंगलातील लहान प्राण्यांत. माकडाला बाधित गोचीड चावली की ते बहुधा मरते. माणसाला हा आजार बाधित गोचिडीची पिल्ले चावल्याने होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत सणसणीत ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते, काहींना रक्तस्राव होतो, आणि शंभर रुग्णांमागे साधारण तीन ते पाच दगावतात. विषाणू मारणारे खास औषध नाही. वेळेवर दाखल करून लक्षणांनुसार उपचार करणे एवढेच हाती असते. म्हणजे रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात येतो तेव्हा ही साखळी जवळजवळ संपलेली असते, आणि तिच्या आधीच्या एकाही कडीवर आरोग्य खात्याचा एकट्याचा ताबा नसतो.

काजूच्या बागेत मेलेल्या माकडाचेच घ्या. प्रेत थंड पडू लागले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि भोवतीच्या पातेऱ्यात (वाळक्या पानांत) पसरतात. त्याच दिवसांत बागेत काजू बी वेचणे चालू असते, आणि भाजावळीसाठी (पेरणीपूर्वी शेतात जाळण्यासाठी) पातेरा गोळा करून डोक्यावरून वाहून नेणेही चालू असते. म्हणून मृत माकड सापडले की लगेच त्याच्याभोवती पन्नास मीटरपर्यंत मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारणे, नमुने घेणे, प्रेत जाळणे आणि काही काळ त्या भागात जाणे थांबवणे, ही या आजारातील सर्वांत मोलाची कृती आहे. ते माकड प्रथम पाहतो कोण? बागायतदार, गुराखी किंवा बी वेचणारी मजूर स्त्री. आरोग्य सेवक कितीही कर्तव्यदक्ष असला तरी प्रत्येक बागेत पहाटे पोहोचू शकत नाही.

आणि ज्याला दिसते तो कळवतोच असे नाही. माकडे नारळ, काजू, केळीची नासाडी करतात हे सर्वश्रुत आहे; त्यामुळे आपल्या बागेत मेलेले माकड वन खात्याला कळवले तर ‘तुम्हीच मारले का?’ अशी चौकशी मागे लागेल, ही धास्ती अनेकांना असते. मग प्रेत गुपचूप पुरले जाते किंवा ओढून व्हाळात (ओढ्यात) टाकले जाते, आणि ओढणाऱ्याच्याच अंगावर गोचिडी चढतात. ही भीती आरोग्य खात्याचे भित्तिपत्रक घालवू शकत नाही. ती वन खात्यानेच घालवली पाहिजे : कळवणाऱ्यावर संशय धरला जाणार नाही असे ग्रामसभेत येऊन सांगून, आणि तसे वागून. मी भागीदारी म्हणतो ती ही. लोकांवर काम ढकलणे आणि लोकांनी दिलेली माहिती निर्भयपणे स्वीकारून तिच्यावर त्याच दिवशी धावून जाणे, यांत मूलभूत फरक आहे.

‘सर्वांची म्हणजे कोणाचीच नाही’ हा आपला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आजची व्यवस्था खरोखर तशी फुटकी आहे. माकडाचे प्रेत वन खात्याच्या अखत्यारीत, शवविच्छेदन पशुधन विकास अधिकाऱ्याकडे, फवारणी आणि रुग्णशोध आरोग्य खात्याकडे. खुद्द आरोग्यातही जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी वेगळे आणि जिल्हा रुग्णालयाचे शल्यचिकित्सक वेगळे. एकाने दुसऱ्याच्या पत्राची वाट पाहिली की उन्हात प्रेत सडते आणि नमुना वाया जातो. पण यावरचा उपाय काम एकाच खात्याकडे देणे हा नव्हे, कारण आरोग्य खाते ना वनरक्षकाला आदेश देऊ शकते ना गुरांवर गोचीडनाशक लावू शकते. (गुरे विषाणू पसरवत नसली तरी मोठ्या गोचिडी त्यांच्या रक्तावर पोसल्या जातात, म्हणून जंगलात चरणाऱ्या गुरांची काळजी हा या कामाचा आवश्यक भाग आहे.) उपाय असा की प्रत्येक टप्प्याला एक नाव आणि एक मुदत असावी, आणि मुदत चुकली तर जाब विचारण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे असावे. हे कागदावर नसेल तर समन्वय समितीचा उपयोग नाही, याबाबत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे.

असे घडू शकते याचा पुरावा आपल्याच देशात आहे. पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या नारू या कृमीच्या रोगावर ना लस होती ना औषध, तरी भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. महाराष्ट्रही बाधित राज्यांपैकी एक होता. गावोगावच्या पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप देणे हे पाणीपुरवठ्याचे काम होते, रुग्ण शोधणे आरोग्याचे, आणि पाणी फडक्यातून गाळणे घरातल्या बायकांचे. यातले कोणी कोणाचे काम अंगावर घेतले नाही, आणि टाळलेही नाही.

खासगी डॉक्टरांना मी यात का धरतो, असेही आपण विचारले आहे. तापाचा रुग्ण बहुतेक वेळा आधी गावातल्या किंवा बाजारपेठेतल्या डॉक्टरकडे जातो. माकडताप, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस यांची सुरुवातीची लक्षणे एकमेकांसारखी असतात. जंगलात किंवा बागेत गेला होतास का, हा एक प्रश्न विचारला गेला आणि रक्ताचा नमुना सरकारी यंत्रणेमार्फत तपासणीस गेला, तर अनेक दिवस वाचतात. तोच रुग्ण पुढे बांबोळीला दाखल झाला तर निदानाची माहिती गोव्यातून त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राकडे परत आली पाहिजे, अन्यथा त्याला गोचीड चावली त्या बागेत शेजारी बी वेचतच राहतात. सीमेपलीकडे शिमोग्यात या आजाराचा सहा दशकांहून अधिक अनुभव आहे. तीन राज्यांतील जिल्ह्यांनी हंगामापूर्वी एकत्र बसणे मला म्हणूनच अनावश्यक वाटत नाही.

आता लसीविषयी. कर्नाटकात दीर्घकाळ वापरलेल्या जुन्या लसीचा २००५ ते २०१० या काळातील माहितीवरून अभ्यास झाला, तेव्हा दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि वर्धक (बूस्टर) मात्रेसह सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळत असल्याचे दिसले. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, नंतर वर्धक आणि पुढेही काही वर्षे दर वर्षी टोचणी, शिवाय टोचल्या जागी वेदना. त्यामुळे बरेच लोक मधेच सोडून देत. ती लस आता वापरात नाही आणि नव्या लसीवर काम चालू आहे. ती यावी, सरकारने ती मोफत द्यावी आणि सर्वांत आधी आपल्या पट्ट्यात द्यावी, या मागणीत मी आपल्याबरोबर आहे. मात्र ती आली तरी आधी कोणाला टोचायची हा प्रश्न राहीलच. बागेत मजुरीला कोण जाते, गुरे कोणाची जंगलात चरतात, लाकूडफाटा आणि पातेरा कोण आणते, याची वाडीवार यादी आशाताई, ग्रामपंचायत आणि वनरक्षक यांनी मिळूनच करावी लागेल, आणि ती हंगाम सुरू होण्याच्या आत, पावसाळा संपताच, हाताशी असावी लागेल.