‘दोघांनी सोडली तरच सुटते’ हे खरं नाही

गेले काही दिवस आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, नातेवाइकांत एकच मेसेज फिरतोय. नवरा-बायको दोघंही सिगारेट ओढत असतील तर एकट्याने सोडायच्या फंदात पडू नका. घरात ओढणारं माणूस असलं की ती परत सुरू होतेच. धूर तसाही नाकात जाणार, मग सोडून फायदा काय? फार तर त्याला बाल्कनीत पाठवा. आणि त्याचं खरंच प्रेम असेल तर तुमच्यासाठी तोही सोडेल. खाली जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’.

मी सिगारेट सोडली आहे. माझा नवरा अजून ओढतो. सोडायचं मनात घोळवणाऱ्या एखादीला हा मेसेज मिळाला तर ती तिथेच थांबेल, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला दावा, एकट्याने सुटत नाही. एकट्याने सोडणं जास्त अवघड आहे, हे मान्यच. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या जोडप्यांचा एक मोठा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या नवऱ्यांनी त्याच काळात सिगारेट सोडली, त्यांच्यातल्या निम्म्या बायकांचीही सुटली. नवरा ओढतच राहिला, तिथे मात्र सुमारे 8 टक्केच बायकांची सुटली. आकडा लहान आहे, पण तो कोणाचा ते बघा. त्यात सगळ्या ओढणाऱ्या बायका मोजल्या आहेत, ज्यांनी सोडायचा विचारही केला नव्हता त्यांच्यासकट. मनापासून प्रयत्न करणारीला शंभरात आठच संधी, असा अर्थ त्यातून निघत नाही. शिवाय अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या 2008 च्या अभ्यासात दिसलं की जोडीदाराने सोडली की दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता 67 टक्क्यांनी घटते. मग कोणीतरी आधी सोडायला नको का? दोघं एकमेकांची वाट बघत बसले तर दोघंही ओढतच राहणार.

‘परत सुरू होतेच’ हा दावा सगळ्यात घातक, कारण तो आधीच हरवून टाकतो. शरीराचा त्रास, म्हणजे चिडचिड, झोप न लागणं, डोकं जड होणं, पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. उरते ती सवय. जेवण झालं की, चहा घेतला की, भांडण झालं की हात पाकिटाकडे जातो. ती तलफ काही मिनिटांची असते. नवरा ओढतो तेव्हा अडचण एवढीच, की नेमक्या त्या मिनिटांत पाकीट हाताशी असतं.

म्हणून आमच्या घरात पाकीट आणि लायटर दोन्ही त्याच्या स्कूटरच्या डिकीत राहतात. फ्रिजवर नाही, शर्टाच्या खिशात नाही, टीव्हीच्या खणात तर नाहीच. रात्री अकरा वाजता तलफ आली तर चावी शोधा, जिने उतरा, पार्किंगमध्ये जा. तोवर ती बहुतेक वेळा गेलेली असते.

त्याच्याकडून मी दुसरी एकच गोष्ट मागितली. मी कितीही गयावया केली तरी मला सिगारेट द्यायची नाही. ‘एक झुरका घे गं, काही होत नाही’ हे वाक्य तो पूर्वी लाडानेच म्हणायचा. पण सोडलेल्या माणसाला त्याइतकं धोक्याचं दुसरं वाक्य नाही. रविवारी मिसळ खाऊन झाली की तो टपरीकडे वळतो. तिथे पेटवायला धुमसती सुतळी टांगलेली असते, आणि 2020 पासून राज्यात बंदी असूनही सुट्टी सिगारेट मिळते. मी त्याच्यासोबत जात नाही, टेबलावर ताक संपवत बसते. सुरुवातीला हे फार एकटं वाटायचं, कारण आमच्या कितीतरी गप्पा त्या टपरीवरच झाल्या होत्या. त्यावर उपाय म्हणून रात्री जेवणानंतर आम्ही दोघं चालायला जायला लागलो, आणि त्या फेरीत तो ओढत नाही.

नुसत्या निश्चयावर भार टाकू नका. औषधाच्या दुकानात निकोटिनचा च्युइंगम मिळतो. तो साध्या च्युइंगमसारखा चावत राहिलं तर उचकी लागते, मळमळतं. थोडा चावायचा, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचा. तेवढ्यानेही भागलं नाही तर गोळ्या आहेत, त्या डॉक्टरांना विचारूनच.

‘धूर तसाही जातोच.’ जातो, आणि तो वाईटच. खूप सिगारेटी ओढणाऱ्यांच्या न ओढणाऱ्या बायकांना फुप्फुसाचा कर्करोग जास्त होतो, हे जपानमधल्या अभ्यासाने 1981 मध्येच दाखवलं. पण स्वतः ओढताना शरीरात जाणारं विष त्याहून कितीतरी जास्त. स्वतःची सोडली की हृदयविकाराचा जास्तीचा धोका वर्षभरात जवळपास निम्मा होतो.

राहिली बाल्कनी. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत बाल्कनीत उभं राहणारा माणूस दार अर्धं उघडं ठेवूनच ओढतो आणि धूर थेट हॉलमध्ये येतो. पडद्याला, रजईला तो वास दुसऱ्या दिवशीही असतो. घरात मूल असेल तर ‘दाराबाहेर’ म्हणजे इमारतीखाली, एवढाच नियम ठेवा.

आणि प्रेमाचं म्हणाल, तर हे कलम वाचून मला खरोखर वाईट वाटलं. निकोटिनचं व्यसन मेंदूत बसलेलं असतं, त्यावरून कोणाचं प्रेम मोजता येत नाही. माझ्या नवऱ्याने मला आजारपणात उचलून दवाखान्यात नेलंय. तो अजून ओढतो. दोन्ही खरं आहे. रोज टोमणे मारले असते तर तो लपून ओढायला लागला असता आणि मी चिडून परत सुरू केली असती.

बायकांसाठी आणखी एक. आपल्याकडे बाई सिगारेट ओढते हेच कोणाला सांगता येत नाही, त्यामुळे सोडताना मदतही मागता येत नाही. सासूला, मैत्रिणीला सांगायचं नसेल तर सांगू नका. तंबाखू सोडवण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, 1800-11-2356. फोन फुकट लागतो आणि हा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. पाकीट नवऱ्याचं असलं तरी नंबर तुम्ही लावू शकता.