बाल्कनीचा हट्ट सोडा, केबिनचा नंबर विचारा

गेल्या पंधरा दिवसांत सहा फोन आले. सहाही जणांचा सूर एकच. "ताई, क्रूजची ऑफर आली आहे, एकावर एक फ्री म्हणून राहिले, घेऊन टाकू का?" मी ट्रॅव्हल एजंट नाही. शाळेत भूगोल शिकवते. पण त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या भिशीत तीनदा जहाजावर जाऊन आलेली मी एकटीच, त्यामुळे हे खातं आपसूक माझ्याकडे आलं आहे. आपल्याकडे पाणी म्हणजे फुटाळा आणि अंबाझरी हे तलाव. त्यामुळे समुद्र म्हटला की नागपूरकर हळवा होतो, आणि हळवा माणूस फॉर्म न वाचता ॲडव्हान्स भरतो. मीही भरला होता. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी आकड्याचं बोलू. जाहिरातीत मोठ्या अक्षरात जो आकडा असतो, तो माणशी असतो आणि एका केबिनमध्ये दोघं राहणार हे धरून असतो. एकटं जायचं असेल तर बहुतेक ठिकाणी जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. त्या आकड्यावर पोर्ट चार्जेस, सर्व्हिस चार्ज (म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप) आणि कर चढतात. छोट्या सफरीत, दोन-तीन रात्रींच्या, हे वरचं ओझं मूळ भाड्याच्या मानाने फार मोठं दिसतं. 'मुलं फुकट' म्हणजे मुलांचं भाडं फुकट, पोर्ट चार्जेस त्यांनाही लागतात, कडेवरच्या बाळालाही, आणि बऱ्याच ठिकाणी मुलांना सर्व्हिस चार्जही. म्हणून मी एजंटला एकच वाक्य सांगते, "भाऊ, चौघांचा, सगळं धरून, शेवटचा आकडा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा." फोनवर सांगितलेला आकडा मी ऐकतच नाही. आमच्या पहिल्या एजंटने फोनवर "मॅडम, सगळं इन्क्लूडेड आहे" म्हटलं होतं. सिंगापूरहून जहाज सुटलं, पहिल्याच संध्याकाळी दोन्ही पोरांनी बारवर जाऊन ताज्या संत्र्याचा ज्यूस मागवला, दोन-दोन ग्लास. जेवणाच्या हॉलमधलं पाणी, चहा, बुफे हे भाड्यात होतं. बारवरचा ताजा ज्यूस नव्हता. नागपूरच्या माणसाने संत्र्याच्या ज्यूसला डॉलर मोजले. आमचे हे अजूनही तो किस्सा पाहुण्यांना सांगतात आणि मला हसू येत नाही.

आता केबिन. इथेच सगळ्यात जास्त पैसे चुकतात. ढोबळ मानाने चार प्रकार असतात: आतली, म्हणजे खिडकीच नसलेली; बंद खिडकीची; बाल्कनीची; आणि 'स्वीट', म्हणजे सगळ्यात मोठी, महागडी खोली. फोन करणाऱ्या प्रत्येकाला बाल्कनीच हवी असते, कारण फोटो बाल्कनीतच निघतो. माझं मत स्पष्ट आहे. दोन-तीन रात्रींच्या सफरीत बाल्कनी म्हणजे भाड्याने घेतलेली खुर्ची. तुम्ही खोलीत असता किती? सकाळी नाश्ता, मग डेक, मग पूल, दुपारी जेवण, संध्याकाळी शो, रात्री पुन्हा जेवण. समुद्र पाहायला वरचा डेक सगळ्यांनाच मोकळा असतो आणि तिथला वारा बाल्कनीपेक्षा चांगला असतो. मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं जे 'एम्प्रेस' जहाज सुटतं, ते १९९० साली बांधलेलं आहे. त्या काळच्या जहाजांवर बाल्कन्या फारच थोड्या असत. थोड्या असल्या की महाग असणारच. तेवढ्या पैशात आतल्या केबिनने मी पुढच्या वर्षी पुन्हा जाईन.

कोणी म्हणतं, किनारा दिसतो ना बाल्कनीतून? मुंबईहून गोव्याला जाताना किनारा डाव्या हाताला असतो, सूर्यास्त उजव्या हाताला. परतीला नेमकं उलट. म्हणजे एका बाजूची बाल्कनी घेतली तरी अर्धाच देखावा तुमचा. आणि जहाज किनाऱ्यापासून इतकं लांब चालतं की रात्री फार तर दूरचे दिवे दिसतात. (भूगोलाच्या बाईला एवढं बोलायचा हक्क आहे.)

पण आतली केबिन घ्या म्हणजे कुठलीही घ्या असं नाही. कुठल्या प्रकारची केबिन यापेक्षा ती जहाजात नेमकी कुठे आहे, याला जास्त किंमत आहे. लाल परीच्या शेवटच्या सीटवर बसून काटोलला गेला आहात ना? मागे बसलेला उडतो, मधला पेंगतो. जहाजाचंही तसंच. मधोमध आणि खालच्या मजल्यावर हलणं सगळ्यात कमी जाणवतं, टोकाला आणि वरच्या मजल्यावर जास्त. ज्याला गाडी लागते त्याला वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची बाल्कनी 'प्रीमियम' म्हणून विकली जाते, तेव्हा मला त्या माणसाची दया येते.

दुसरं म्हणजे डोक्यावर काय आहे ते पाहा. प्रत्येक जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, कंपनीच्या वेबसाइटवर असतो. आपल्या केबिनचा नंबर शोधायचा, मग वरचा मजला उघडायचा, मग खालचा. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर निवांत झोपा. वर स्वयंपाकघर, पूल किंवा बुफे असेल तर पहाटे चारपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली थिएटर किंवा डान्स फ्लोअर असेल तर विचारूच नका. सिंगापूरच्या त्या सफरीत आमची केबिन बरोबर डिस्कोच्या वर होती. रात्री दोन वाजेपर्यंत पलंग धडधडत होता, गणपती विसर्जनाची मिरवणूक गादीखालून चालल्यासारखा. सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, इंजिन बिघडलं का?" रिसेप्शनवर गेले तर ते नम्रपणे म्हणाले, तुम्ही 'गॅरंटी केबिन' घेतली आहे.

ही 'गॅरंटी' नीट समजून घ्या, कारण शब्द फसवा आहे. गॅरंटी एवढीच की तुम्ही पैसे भरलेल्या प्रकारची किंवा त्याहून वरची खोली मिळेल. कुठली मिळेल ते कंपनी ठरवते, कधीकधी अगदी शेवटच्या आठवड्यात. भाडं कमी असतं, नशीब असेल तर वरची खोलीही मिळते. तरुण जोडप्याने खुशाल घ्यावी. म्हातारी माणसं बरोबर असतील, किंवा दोन केबिन शेजारी-शेजारी हव्या असतील, तर थोडे जास्त भरून नंबर निवडूनच घ्या. आणि खिडकीची केबिन घेत असाल तर 'ऑब्स्ट्रक्टेड' हा शब्द शोधा. तो असेल तर खिडकीसमोर नारिंगी रंगाची लाइफबोट टांगलेली असते आणि तुम्ही चार दिवस तिचं पोट पाहत बसता.

चौघांच्या कुटुंबासाठी माझा ठरलेला उपाय: एका बाल्कनीत चौघं कोंबण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन आतल्या केबिन. चौघांच्या खोलीत दोन पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येतात, ते उघडले की चालायला जागा राहत नाही, आणि बाथरूम एकच. ते बाथरूम इतकं लहान की पडदा अंगाला चिकटतो. दोन केबिनमध्ये दोन बाथरूम. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी असतं हे खरं, तरी दोन्ही हिशेब मागवून पाहा. फरक वाटतो तेवढा नसतो. बुकिंग करताना प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस लागतं, म्हणून कागदावर आई-मुलगी आणि बाबा-मुलगा असे लिहा. जहाजावर कोण कुठे झोपतं ते विचारायला कोणी येत नाही.

सवलतीचं थोडक्यात. शुक्रवारी सुटणारी सफर महाग, सोमवारी सुटणारी स्वस्त. दिवाळीची सुट्टी आणि नाताळचा आठवडा यांत सवलत शोधू नका, मिळालेली सवलत आधी वाढवलेल्या भाड्यावरची असते. परदेशी कंपन्यांत शेवटचा हप्ता साधारण ६० ते ९० दिवस आधी भरायचा असतो. तोपर्यंत त्याच केबिनचं भाडं उतरलं तर अनेक कंपन्या नव्या भाड्याने बुकिंग करून देतात, पण आपण विचारलं तरच. त्या तारखेनंतर रद्द केलं तर टप्प्याटप्प्याने पैसे बुडतात, शेवटच्या दिवसांत पूर्ण. सगळ्यात स्वस्त दर बहुतेकदा 'डिपॉझिट परत नाही' या अटीवर असतो. घरात आजारी माणूस असेल तर तो दर घेऊ नका.

एजंटकडून घ्यावं की थेट? एजंटकडून घेतलं की नंतरचा प्रत्येक बदल त्याच्याच हातून होतो, कंपनी तुमच्याशी बोलत नाही. त्यामुळे फोन उचलणारा एजंट असेल तर घ्या. त्याला कमिशन मिळतं, त्यातून भाडं कमी कर म्हटलं तर तो नाही म्हणेल. 'ऑनबोर्ड क्रेडिट', म्हणजे जहाजावर खर्चायला जमा रक्कम, दे म्हटलं तर बऱ्याचदा देतो. आणि गट असेल तर जोर वाढतो. अनेक कंपन्यांत आठ केबिन म्हणजे गट धरतात, सोळा माणसांमागे एकाचं भाडं सोडतात. आमच्या भिशीने गोव्याला आठ केबिन घेतल्या, सुटलेलं भाडं सगळ्यांत वाटून घेतलं. त्या वाटणीवरून जे भांडण झालं तो वेगळ्या पोस्टचा विषय.

आता सर्व्हिस चार्ज. परदेशी जहाजांवर माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर. चौघं, चार रात्री, १८ डॉलर धरा: २८८ डॉलर, म्हणजे पंचवीस हजारांच्या आसपास. हे आधी भरता येतं, तसंच करा. काही कंपन्यांत शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन हे पैसे कमी करून घेता येतात, आणि त्या रांगेत आपली माणसं मोठ्या संख्येने असतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रोज तुमची खोली आवरणारा, टॉवेलचा हत्ती करून ठेवणारा पोरगा महिनोन्महिने घरापासून लांब असतो. त्याच्या खिशातून बचत करायची असेल तर निदान मला सांगू नका.

नियमांत चार-पाच गोष्टी अशा आहेत की नंतर वाद घालून उपयोग नाही. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, राइस कुकर चढू देत नाहीत, आगीची भीती. तपासणीत काढून ठेवतात, उतरताना देतात. घरचा डबाही बहुतेक ठिकाणी अडतो. कंपनीचं सील असलेलं पाकीट चालतं. म्हणजे संत्रा बर्फीचा बंद डबा जाईल, पाटोडी जाणार नाही. गरोदर बाईला २४ आठवड्यांनंतर घेत नाहीत, सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत. दारूचं पॅकेज घेणाऱ्याला बऱ्याच कंपन्यांत केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांसाठी घ्यावं लागतं, एकाने घेऊन दुसऱ्याने पिणं चालत नाही. जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात फोन उपग्रहाच्या नेटवर्कला आपोआप चिकटतो आणि बिल घरी आल्यावर कळतं. सिंगापूरहून जाऊन सिंगापूरलाच परत यायचं तर व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते पाहा. मुंबई-गोव्याला आधार चालतं, पण नाव जसंच्या तसं हवं, आधारवर 'राव' असेल तर तिकिटावरही 'राव'.

सुरुवातीच्या सेफ्टी ड्रिलला, म्हणजे संकटात काय करायचं त्याच्या तालमीला, जा. आमचे काही लोक "तेवढ्यात बुफे गाठू" म्हणत होते. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूज जहाज खडकावर आपटलं, ३२ माणसं गेली, आणि त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. तेव्हा चोवीस तासांत कधीही घेतलं तरी चालत असे. २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावं असा नियम झाला.

नागपूरकरांसाठी खास. मुंबईचं क्रूज टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, सीएसएमटीवरून टॅक्सीने दहा मिनिटं. विदर्भ एक्सप्रेस सकाळी तिथेच उतरवते, त्यामुळे त्याच दिवशी पोचायचा मोह होतो. करू नका. गाडी कसाऱ्याला तीन तास उभी राहिली तर जहाज थांबत नाही, बोर्डिंग सुटण्याच्या तास-दीड तास आधीच बंद होतं. आदल्या दिवशी पोचा, दादरला कोणा नातेवाइकाकडे टेका. गोव्यात उतरल्यावरही तेच. मुरगाव बंदरातून पणजी तीसेक किलोमीटर. जहाजवाल्यांनीच काढलेल्या सहलीने गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतःची टॅक्सी केली असेल तर नाही. आणि हवामानामुळे एखादं बंदर गाळलं तर भाडं परत मिळत नाही, फार तर त्या बंदराचे चार्जेस मिळतात. तिकिटामागच्या अटींत हे लिहिलेलं असतं.

शेवटची रात्र. मोठ्या बॅगा टॅग लावून रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या असतात, सकाळी त्या टर्मिनलवर मिळतात. मी आमच्या मोठ्या भाऊजींना दोनदा सांगितलं होतं. शिस्तीचा माणूस, त्यांनी रात्री दहाला सगळं घडी करून बॅग बाहेर ठेवली, कुलूपसुद्धा लावलं. सकाळी सहाला आमच्या दारावर भाऊजींची टकटक. "वहिनी, यांची एखादी पॅन्ट आहे का वं जास्तीची?" आमच्या ह्यांची कंबर चाळीस, भाऊजींची बत्तीस. सिंगापूरच्या इमिग्रेशनच्या रांगेत भाऊजी एका हाताने पासपोर्ट आणि दुसऱ्या हाताने पॅन्ट धरून उभे होते, आणि ऑफिसर बोटांचे ठसे द्यायला दोन्ही हात मागत होता.