चेंबरच्या झाकणापलीकडे

परवा तलावपाळीच्या कट्ट्यावर एका गृहस्थांनी मला ठाण्यातून हद्दपार केलं. नोटीस नाही, सुनावणी नाही. हातातली छत्री जमिनीवर फिरवली आणि माझं ठाणेकरपण काढून घेतलं. तेही सासरच्या माणसादेखत.

सासरचा माणूस म्हणजे माझे मामेसासरे. परभणीहून देवगिरीने आले. पिशवीत भाचीसाठी ठेचा आणि बंडीच्या खिशात मुंबईत करायच्या गोष्टींची यादी. मामा तरुणपणी एकदा मोर्चासाठी मुंबईत आले होते. मोर्चा सोडून त्यांनी जे जे केलं, ते सगळं त्यांना आता पुन्हा करायचं होतं. मी आपला काळा घोडा, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, संध्याकाळी दिव्यांतली सीएसएमटी, असा सुसंस्कृत बेत आखून बसलो होतो. मामांच्या यादीत पहिला नंबर डबलडेकरचा. वरचा मजला, सगळ्यात पुढची सीट, खिडकी उघडी.

आता जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्येच निवृत्त झाल्या हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? नव्या विजेवरच्या, एसीवाल्या आहेत, त्यातल्या एकीत मी धक्के खाऊन पुढची सीट मिळवली. मामांनी काच सरकवून पाहिली. सरकेना.

"हवा कुठाय?"

मी एसीच्या झोताकडे बोट दाखवलं.

"ही नव्हं हो. हवा."

मग तारापोरवाला. १९५१ सालचं मत्स्यालय, मरीन ड्राइव्हवर, कधीपासून बंद. "बंद तर बंद. मंग मासे कुठं नेले?" त्या माशांचा हिशेब जावयाने द्यायचा. मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट तेवढा जागेवर सापडला, पण त्यात शिरायला मामांचं वय आणि पोट दोन्ही आड आलं. त्यांना सगळ्यात आवडला तो स्टेशनचा सरकता जिना. वर जायचं, साध्या जिन्याने खाली यायचं, पुन्हा वर. समोरून उतरणारी सहा-सव्वासहाची गर्दी बघत ते कठड्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "एवढ्या लोकांना एकाच वेळी काम कसं काय निघतं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी त्यातलाच एक.

जाता जाता दादरला बायकोच्या मावशीकडे डोकावलो. दार उघडताच मावशी म्हणाल्या, "अगंबाई, ठाण्याहून आलात? मग आज राहणार ना!" दादर ते ठाणे फास्ट लोकलने जेमतेम अर्धा तास. पण दादरकरांच्या हिशेबात सायन ओलांडलं की माणसाच्या अंथरुणाची सोय बघावी लागते. मी हसून सोडून दिलं. म्हटलं, मुंबईत आपल्याला कोण विचारतंय. उद्या मामांना आपलं ठाणं दाखवू, तिथे तरी आपण घरचे.

तर तलावपाळी. संध्याकाळची वेळ, एका बाजूला गडकरी रंगायतन, दुसऱ्या बाजूला कोपिनेश्वराचा कळस. मी घसा साफ करून मामांना सांगायला सुरुवात केली, "हे मासुंदा तळं. ठाण्याला तळ्यांचं शहर म्हणतात…"

"मासुंदा बरोबर," शेजारून आवाज आला. "पुढचं सांगा."

कट्ट्यावर एक गृहस्थ बसले होते. सत्तरी उलटलेली, पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आभाळात ढगाचा पत्ता नसताना मांडीवर लांब दांड्याची काळी छत्री. परीक्षेला बसल्यासारखं मला पुढचं आठवेना. तेवढ्यात त्यांनी मामांकडे मोर्चा वळवला.

"कुठून आलात?"

"परभणी."

"वा! गोदावरीतलं जांभूळबेट तुमच्याकडचंच ना?"

मामांचा चेहरा उजळला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कधी जांभूळबेटाचं नाव काढलं नव्हतं, आणि मामांनी ते तिथल्या तिथे माझ्याकडे बघून नोंदवून ठेवलं.

"आणि तुम्ही?"

"मी इथलाच."

"इथला म्हणजे?"

"ठाण्याचा."

"ठाण्यात कुठे?"

हा प्रश्न फार वाईट. हा विचारणारा माणूस उत्तर ऐकायला नाही, निकाल द्यायला बसलेला असतो. मी "ठाणे पश्चिम" असं मोघम बोलून बघितलं. "पश्चिमेला कुठे? चरई? नौपाडा? उथळसर?" मी आवाज खाली आणून म्हणालो, "घोडबंदर रोड. कासारवडवली."

त्यांनी चष्मा काढला. रिपोर्ट हातात घेतलेला डॉक्टर काढतो, तसा. पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे ठाण्याचे नाही तुम्ही."

आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. मी म्हणालो, "अहो, महापालिका ठाण्याची आहे. मालमत्ता कर तिथेच भरतो. पत्ता ठाणे, पिन ४००६१५."

"पिनकोड टपालखातं देतं. गाव टपालखातं देत नाही."

मग त्यांनी छत्री उचलली. शेजारच्या पाणीपुरीवाल्याच्या बादलीतून सांडलेलं पाणी आमच्या पायापर्यंत आलं होतं. त्या ओल्या फरशीवर छत्रीच्या टोकाने त्यांनी ठाणे काढायला घेतलं. हे तळं. हा जांभळी नाका. ही स्टेशनकडे जाणारी वाट. हा गोखले रोड, हा राम मारुती रोड, इथे तीन पेट्रोल पंप, इथे हरिनिवास. हात इतका सराईत, की हा नकाशा ते रोज संध्याकाळी कोणा ना कोणासाठी काढत असणार. पाचपाखाडीजवळ छत्री थोडी रेंगाळली. "इथवर आम्ही मान्य केलंय." कॅडबरी जंक्शनशी आली. "सहनशीलता म्हणून." आणि पुढे माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असं मीच घाईघाईने सुचवत गेलो, तर फरशी संपली. मधे चेंबरचं लोखंडी झाकण आणि त्यापलीकडे उघडं गटार. त्यांनी छत्रीचं टोक झाकणावर दोनदा आपटलं. टण्, टण्.

"इथे तुमचं कासारवडवली. आम्ही शाळेत होतो तेव्हा तिकडे संध्याकाळनंतर कोणी जात नसे. बिबटे."

"येऊरच्या जंगलात आजही आहेत," मी म्हणालो. आपल्याही बाजूला काहीतरी आहे, एवढंच सुचवायचं होतं.

"बघा," ते मामांना म्हणाले. "स्वतःच सांगतायत."

मी तळ्यांचा मुद्दा काढला. आमच्या बाजूला कावेसरचं तळं आहे. त्यांनी बोटांवर मोजत मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, मखमली, उपवन एवढी तळी म्हटली आणि थांबले. कावेसर ना नाकारलं, ना घेतलं. पाणीपुरीवाला मात्र हातातली पुरी तशीच ठेवून ऐकत होता. तो स्वतः खाडीपलीकडच्या कळव्याहून येतो हे त्याने मला नंतर हळूच सांगितलं.

पुढचा तासभर गृहस्थांनी मामांना ठाणं दाखवलं आणि मी पिशवी धरून मागून चाललो. मान्य करायला हवं, त्यांना येत होतं सगळं. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी कसा घेतला, आज तिथे मध्यवर्ती कारागृह कसं आहे. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत त्याच किल्ल्यात होते आणि १८१६ मध्ये तिथून निसटले. बाहेर घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराने गाण्यातून बेत कळवला म्हणतात. मामा भान हरपून ऐकत होते. माझ्या मनात आलं, त्रिंबकजी नशीबवान, घोडबंदर रोडने पळावं लागलं नाही. माजिवड्याच्या पुलाखालीच सापडले असते.

मग रेल्वे. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी. चौतीस किलोमीटरचं अंतर तासाभराच्या आसपास कापलं. हे ऐकताना मात्र माझं डोकं फिरलं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी, वाफेवर, मधल्या मुक्कामी पाणी भरून घेत, चौतीस किलोमीटर तासाभरात. मी कासारवडवलीहून स्टेशनला येतो ते दहा-अकरा किलोमीटर, आणि गायमुखच्या घाटात एखादा कंटेनर बसला की तेवढाच वेळ सहज. न्हावा शेव्याची अवजड वाहनं गुजरातला आमच्या दारावरून जाणार, मेट्रोचे खांब रस्त्याच्या मधोमध, सर्व्हिस रोड आज आहे तर उद्या खणलेला. घर घेताना माहितीपत्रकावर 'स्टेशनपासून पंधरा मिनिटं' छापलं होतं. कोणत्या स्टेशनपासून आणि कोणत्या साली, ते छापायचं राहिलं. उन्हाळ्यात पाणी टँकरचं. हप्ता मात्र पूर्ण ठाण्याचा! बँकेने कधी म्हटलं नाही, की तुम्ही झाकणापलीकडचे, थोडं कमी भरा. कर भरताना मी ठाणेकर, मतदानाला ठाणेकर, आणि कट्ट्यावर बसायला गेलो की बाहेरगावचा.

हे सगळं मी मनात बोललो. मोठ्याने फक्त "हो का" म्हणालो.

वाटेत गृहस्थांना ओळखीचे भेटत होते आणि ते आमची ओळख करून देत होते. "हे परभणीहून आलेत. आणि हे घोडबंदरहून." एका काकूंनी तर हळहळून विचारलं, "एवढ्या लांबून? परत जायला बस आहे ना?"

मामलेदारच्या मिसळीपाशी रांग होती. गृहस्थ म्हणाले, "पाहुण्यांना मीडियम सांगा." त्यांना स्वतःला पित्त आहे, ते मिसळ खात नाहीत, पण कोणी कोणती खावी हे ठरवतात. मामांनी तिखट मागवली आणि घाम न येता संपवली. गृहस्थ पहिल्यांदाच गप्प झाले. मला केवढं बरं वाटलं! पण पुढच्याच मिनिटाला त्यांनी मामांचा हात हातात घेतला, "तुम्ही आमच्या ठाण्यात शोभाल."

तिखट मिसळीवर नागरिकत्व मिळतं हे आधी सांगायचं ना!

पुन्हा तलावपाळी. आता बोट. पायडल मारायच्या बोटीत दोघे बसले, मी काठावर. माझ्या हातात मामांची पिशवी आणि गृहस्थांची छत्री. छत्री जवळून बघितली तर टोकाचं रबर झिजून आतलं लोखंड निघालेलं. किती लोकांना झाकणापलीकडे पाठवलं असेल हिने! तळ्याच्या मध्यावर मामा हातवारे करून काही सांगत होते, गृहस्थ मागे रेलून हसत होते. दोघांची मिळून वयं दीडशेच्या घरात, आणि पायडल मारत कोणीच नव्हतं. बोट आपली गोल फिरत होती.

तेवढ्यात एक तरुण जोडपं जवळ आलं. "काका, गडकरी कुठे हो?" समोर एवढं थोरलं नाट्यगृह. मी छत्रीने दाखवलं. मुलीने माझ्याकडे, पिशवीकडे आणि छत्रीकडे संशयाने बघितलं. "नक्की ना? इथलेच आहात ना तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो.

ते पुढे जाऊन पाणीपुरीवाल्याला विचारताना मला दिसले. त्याने बरोबर सांगितलं.

घरी परतताना रिक्षा मानपाड्याच्या आधी जी थांबली ती थांबलीच. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, बाजूला मेट्रोचा खांब. पंखा नाही, आणि मामा मात्र तोंड बाहेर काढून खूश. ही ती हवा, डबलडेकरवाली. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "जावईबापू, ठाणं संपलं का?"

"नाही मामा. हे ठाणंच आहे."

"ते तर दुसरं म्हणायलेत."

काल मामा परभणीला पोचले आणि रात्री त्यांचा फोन आला. आवाज अगदी खुशीत. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला त्यांनी बोटीतला फोटो लावलाय. तो मीच काढलेला, म्हणून मी त्यात नाही. खाली लिहिलंय, 'मुंबईचे मित्र'. ठाणं म्हणजेच मुंबई, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि गृहस्थांना ते कसं चाललं, देव जाणे.

"दिवाळी पहाटेला बोलावलंय त्यांनी," मामा म्हणाले. "राम मारुती रोडला अन् तळ्याला लई गर्दी असते म्हणे, बघण्यासारखी. मी येणार हाय. चरईतच उतरेन त्यांच्याकडं."

"अहो, आपलं घर असताना?"

"तुमालाबी बोलावलंय की. म्हणाले, जावयांना घेऊन या. फक्त लांबून यायचंय त्यांना, तवा आदल्या रात्रीच मुक्कामाला या म्हणावं."