ओल्या दुपट्ट्यातला फोन आणि हॉटस्पॉटविषयीचे चार दावे

घरून काम करणाऱ्यांनी फायबरचे कनेक्शन बंद करून पैसे वाचवावेत, फोनचा हॉटस्पॉट पुरेसा आहे, असा एक संदेश आमच्या भागात घरोघरच्या ग्रुपवर फिरतो आहे. अमर्याद 5जीमुळे डेटा संपत नाही, वीज गेली तरी टॉवर चालूच राहतो, पासवर्ड काढल्यास वेग वाढतो आणि फोन तापल्यास चार्जिंगवर असतानाच त्याला ओल्या कापडात गुंडाळावे, असे त्याचे चार दावे आहेत. माझी पुतणी वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून पुण्याच्या एका कार्यालयाचे काम करते. हा संदेश तिच्या वडिलांपर्यंत, म्हणजे माझ्या दादांपर्यंत पोहोचला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

शेवटचा दावा आधी घेतो, कारण तो जिवाशी खेळणारा आहे. परवा भरदुपारी मी घरी गेलो, तेव्हा फोन खिडकीच्या कट्ट्यावर दादांच्या ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेला होता, चार्जरची पिन त्याला जोडलेली होती आणि दुपट्ट्याचे पाणी वायरवरून ओघळत खालच्या एक्स्टेंशन बोर्डापर्यंत आले होते. मी आधी भिंतीवरचे बटन बंद केले. पिनेत ओल गेली की फोन बिघडतोच, पण बोर्डात पाणी गेले तर विजेचा धक्का बसू शकतो. हॉटस्पॉटवर असताना फोन एकाच वेळी टॉवरशी आणि लॅपटॉपशी बोलत असतो, त्यात चार्जिंगची उष्णता मिळते. ॲपल आपले फोन 0 ते 35 अंश तापमानात वापरायला सांगते, आणि आमच्याकडे मे महिन्यात बाहेर 45 अंश असतात. तापलेल्या फोनचे कव्हर काढावे, चार्जर काढावा आणि तो पंख्याखाली कोरड्या जागी ठेवावा. दुसरा उपाय नाही.

डेटा संपत नाही, हेही खरे नाही. अमर्याद 5जी हे 5जीचा सिग्नल मिळतो तिथपर्यंतच असते. फोन 4जीवर उतरला की पॅकच्या रोजच्या ठरलेल्या डेटातून कपात सुरू होते, आणि खेड्यात तो वारंवार उतरतो. झूमच्या स्वतःच्या माहितीनुसार दोघांच्या 720पी व्हिडिओ कॉलला जाताना आणि येताना सेकंदाला प्रत्येकी 1.2 मेगाबिट लागतात. हिशेब केला तर तासाला सुमारे एक जीबी होतो. कोटा संपल्यावर बहुतेक पॅकमध्ये वेग 64 किलोबिटवर येतो, आणि झूमला नुसत्या आवाजासाठीच 60 ते 80 किलोबिट हवे असतात. म्हणजे दुपारच्या बैठकीत पोरीचा आवाजसुद्धा पलीकडे धड पोहोचणार नाही. त्यात लॅपटॉप हॉटस्पॉटला साधे वायफाय समजून विंडोजचे अपडेट उतरवू लागला, तर बैठकीआधीच डेटा संपतो.

विजेच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, ते मान्य करतो. लाइन गेली की घरातला राउटर बंद पडतो आणि फोन चालू राहतो. पण टॉवरही बॅटरीवर किंवा डिझेलवर तग धरून असतो, आणि लाइन यायला फार वेळ लागला की तोही मान टाकतो. शिवाय त्या वेळी सगळे गाव त्याच टॉवरवर येते. राउटरला छोटा यूपीएस लावला आणि कनेक्शन देणाऱ्याकडची यंत्रणा चालू असली, तर फायबर विजेविनाही चालते. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, तर मात्र हॉटस्पॉटच कामी येतो.

पासवर्ड काढल्याने वेग वाढत नाही. उलट शेजारपाजारचे फोन जोडले जाऊन तो घटतो, आणि तुमच्या नावाच्या सिमवरून कोण काय करतो आहे हे तुम्हाला कळतसुद्धा नाही.

दादांनी फायबर बंद करण्यासाठी केलेला अर्ज आम्ही काल मागे घेतला. पुतणीच्या लॅपटॉपमध्ये हॉटस्पॉटचे कनेक्शन ‘मीटर्ड’ करून, म्हणजे डेटा मोजका आहे असे लॅपटॉपला सांगून ठेवले आहे, फोन यूएसबी वायरने जोडायचा आणि बैठकीत कॅमेरा बंद ठेवायचा असे ठरले आहे, आणि एक्स्टेंशन बोर्ड नवा आणला आहे.