चिरा जड की गडी कमजोर?

दिवाळीनंतर कोकणात बांधकामं सुरू झाली की गावाकडून तीच तक्रार कानावर येते. गडी मिळत नाहीत, मिळाले तर चाळिशीत कंबर धरून बसतात, हल्लीच्या पोरांत दम नाही. त्यावर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आमच्यातला कुणीतरी सुनावतो की इथे कायदा कडक आहे. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात.

हिशोब करून बघा. 14 बाय 9 बाय 7 इंचांचा चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, साडेचौदा लिटर भरतो. जांभा पाण्याच्या साधारण दुप्पट जड, म्हणजे एक चिरा 28-30 किलोचा, आणि भिजला की आणखी जड. तो जमिनीवरून उचलताना हात पुढे गेले की वजन कमरेच्या मणक्यापासून अर्धा मीटर लांब जातं. पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या मागे जेमतेम 5 सेंटीमीटरवर ओढत असतात. अंतर दहापट, म्हणून ताणही दहापट: 30 किलोच्या चिऱ्यासाठी स्नायूंना 300 किलोची ओढ लावावी लागते, आणि ती सगळी मणक्यामधल्या चकतीवर दाबली जाते. वाकलेल्या धडाचं वजन वेगळंच. तसंच वळून चिरा रचला तर चकतीला पीळही बसतो. इथे दम काय करणार?

ब्रिटनच्या हाताने ओझी उचलण्याबाबतच्या 1992 च्या नियमांत कमाल वजनाचा आकडाच नाही. मार्गदर्शक तक्त्यात पुरुषासाठी 25 किलो आहेत, पण ते कोपराच्या उंचीवर, अंगालगत. जमिनीलगत उचलायचं तर 10, आणि तिथेच हात लांब करून उचलायचं तर फक्त 5. सिमेंटची गोणी इथे बहुधा 25 किलोची, आपल्याकडे 50 ची. फरक पडतो, नाही कसा. पण नगावर मजुरी घेणारा गवंडी इथेही घाईत दोन गोण्या एकदम उचलतो. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, एवढं शिकवून पाठदुखी थांबत नाही, हे इथेही दिसलंय. कंबरपट्ट्याचंही तेच.

कोकणात आणखी एक अडचण. ट्रक रस्त्यावर थांबतो आणि घर पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, खाली किंवा वर. मधल्या पायऱ्यांवर हातगाडी चालत नाही, मग गोणी नि चिरे डोक्यावर, त्यातही बायकांच्या. मान आणि गुडघे तिथे जातात. पावसात बांधकाम थांबलं तरी लावणीला कंबर वाकलेलीच, विश्रांती कुठली?

आणि हे घर पुष्कळदा आम्हा बाहेर राहणाऱ्यांच्या पैशाने उभं राहत असतं. ज्याला स्वतःच्या कामावर 25 किलोची गोणी मिळते, तो गावी ठेकेदाराला फक्त दर विचारतो. मला हेच खटकतं.

ठेका देतानाच चार गोष्टी लिहून घ्या. चिरे जमिनीवर न उतरवता गुडघ्याच्या वर, मांडीच्या उंचीच्या फळ्यांवर रचायचे. मसाल्याचं, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूचं, घमेलंही तेवढ्याच उंचीवर. दर चार थरांनी परांची वर घ्यायची, कारण चार थर म्हणजे 70 सेंटीमीटर, त्यापुढे चिरा कमरेच्या वर उचलावा लागतो. वरच्या मजल्याला माल कप्पीने. पाखाडीवरची ने-आण नगाच्या दरात न घालता रोजावर, आणि गोणी रस्त्यावरच फोडून दोन डब्यांत भरायची. त्या दिवशी लागेल तेवढीच, नाहीतर दमट हवेत सिमेंटचे गोळे होतात.