शिक्षक आमदार अन् दहा हजारांची शाळा

राजेहो, जरा लांबलचक लिहून राह्यलो, फुरसतीनं वाचा.

विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघाच्या, त्यातल्या नागपूर अन् अमरावती आपल्या विदर्भातल्या. नागपुरातून २०२३ मध्ये सुधाकर अडबाले आले, त्याआधी दोन टर्म नागो गाणार, दोघंही शिक्षक संघटनेतून आलेले. ती निवडणूक जुन्या पेन्शनवर गाजली अन् ती मागणी चूक आहे असं मी बिलकुल म्हणत नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या मास्तराले जुनी पेन्शन नाही, त्यानं म्हातारपणी काय करावं? अंशतः अनुदानित शाळांचे मास्तर, म्हणजे ज्यांच्या पगाराचा काही टक्केच भाग सरकार देते ते, टप्पा वाढवून मिळावा म्हणून आझाद मैदानात जाऊन बसतात, तेही खरंच आहे. पण सभागृहात शाळेच्या पैशाचा विषय निघाला की तो पगारापाशीच येऊन थांबते, शाळेच्या फाटकातून आत काही जात नाही.

आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा पहा. पट तीसच्या आत. एवढ्या पटाले केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे शाळेच्या वरखर्चाचे पैसे किती, तर वर्षाचे १० हजार. महिन्याचे साडेआठशे पण नाही पडत. त्यात लाइटबिल, खडू, हजेरीपट, नेटचा रिचार्ज, नळाची तोटी, किरकोळ दुरुस्ती, अन् त्यातलेच दहा टक्के स्वच्छतेवर. बरं पैसे येतात तेही बहुतेक वर्ष सरता सरता, मग मार्चमध्ये पक्की बिलं आणा, व्हाउचर लावा, खर्च दाखवा. तोवर सगळं गुर्जीच्या फोनपेवर. लोकवर्गणी करून टीव्ही घेतला होता, डिजिटल शाळा म्हणून सरपंचासंगं फोटो पण निघाले, मग बिल थकलं, लाइन कापली, अन् आता त्या टीव्हीच्या टेबलावर पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं आहे. टीव्ही खाली, भिंतीकडे तोंड करून.

आता हे शिक्षक आमदार मांडत काहून नाहीत? माणसं वाईट आहेत म्हणून नाही. संविधानाच्या कलम १७१ प्रमाणे या मतदारसंघात मत फक्त माध्यमिक अन् त्यावरच्या शिक्षकाले. म्हणजे पहिली ते चौथी शिकवणारा झेडपीचा गुर्जी मतदारच नाही! हजेरी तोच घेते, खिचडीचा हिशोब तोच ठेवते, निवडणुकीत बूथवर ड्युटी पण तोच करते, पण शिक्षक आमदार निवडताना त्याले विचारत नाही कोणी. पोट्ट्यांच्या मायबापाचा तर प्रश्नच नाही. अन् गंमत म्हणजे उमेदवार शिक्षकच असावा असंही बंधन नाही, संस्थाचालक पण उभा राहू शकते. जिथं मतं तिथं आवाज, सीधी गोष्ट आहे.

आवाज लावला तर सरकार हलते हेही आपण पाह्यलं. २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळेत एक शिक्षक कंत्राटी ठेवायचा जीआर निघाला, महिन्याचे १५ हजार मानधन. शिक्षक रस्त्यावर आले, पुढं तो निर्णय मागे घ्यावा लागला. मग हाच जोर शाळेच्या अनुदानासाठी एकदा तरी लावा ना बाप्पा. शिक्षणावर देशाच्या उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा असं कोठारी आयोग १९६६ मध्ये सांगून गेला, २०२० च्या धोरणात पुन्हा तेच लिहिलं. लिहाले काय जाते.

कोणी म्हणेल १० हजार हा केंद्राचा नियम आहे, आमदार काय करणार. अरे, राज्यानं वरून आपले पैसे टाकायले कोणी हात धरला का? पुढच्या खेपेले उमेदवार हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये पहिल्या पसंतीचं मत मागाले येतीन, तवा तिथल्या सर-मॅडमनं पेन्शनचं विचारून झालं की एवढं विचारा: छोट्या शाळेचे १० हजाराचे २५ हजार कराले तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याले सभागृहात तोंडी द्यावं लागते तो, टाकणार का? अन् ते पैसे मार्चमध्ये नाही, जूनच्या शेवटी, आपल्याकडच्या शाळा उघडतात तवाच पाहिजेत.

पेन्शनवाले मित्र कमेंटमध्ये मले शिव्या देतीन, द्या बिनधास्त. फक्त संगं तुमच्या गावच्या शाळेचं लाइटबिल किती महिन्यांचं थकलं तेही लिहा.