ज्युदोच्या मॅटवर पहिला महिना मुलं फक्त पडतात

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्याकडे तीन ठिकाणांहून आला. मजकूर साधारण असा : कराटे, ज्युदो, तायक्वांदो हे मारामारीचं शिक्षण आहे. त्याने वयात येणारी मुलं आक्रमक होतात, वाढत्या हाडांना इजा होऊन उंची खुंटते, नववी-दहावीचा वेळ वाया जातो, मुलींना खऱ्या प्रसंगी काही उपयोग होत नाही, आणि मुळात हा पट्टे विकायचा परदेशी धंदा आहे. शेवटी ‘जागरूक पालकांनी पुढे पाठवा’.

मी स्वतः ज्युदो खेळले आणि गेली १६ वर्षं आठवी ते बारावीच्या मुलांना शिकवते. या मेसेजमुळे गेल्या महिन्यात नुकतीच रुळलेली एक मुलगी क्लास सोडून गेली. जाताना तिने ड्रेसची व्यवस्थित घडी घालून परत दिला. ते बघून राहवलं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे. त्यातले काही निम्मे खरे आहेत, तेही सांगते.

‘मारामारी शिकलेलं मूल मारामारीच करणार.’ हे लिहिणाऱ्याने एक संध्याकाळ तरी मॅटच्या कडेला बसून बघावं. आमच्याकडे आलेलं मूल पहिला महिना कुणाला पाडत नाही, स्वतः पडत असतं. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करायची आणि अंग मॅटला लागतं त्याच क्षणी पूर्ण हात तळव्यासकट मॅटवर आपटायचा. याला उकेमी म्हणतात. मागे, बाजूला, पुढे कोलांटी घेऊन, शेकडो वेळा. त्यानंतर फेक, म्हणजे समोरच्याला उचलून पाडायचा डाव शिकवतो, आणि तिच्यासोबतच एक नियम : ज्याने फेकलं त्याने समोरच्याची बाही सोडायची नाही. ती शेवटपर्यंत वर खेचून धरली की पडणाऱ्याचं डोकं सांभाळलं जातं. दुसरा नियम, पकडीत अडकलेल्याने दोनदा थोपटलं की हात तत्क्षणी सुटलाच पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी नववीतला एक मुलगा आला. शाळेतून सारख्या तक्रारी. वडील म्हणाले, ‘‘मॅडम, याची रग जिरवा.’’ दुसऱ्याच आठवड्यात जोडीदाराने थोपटल्यावरही याने पकड तशीच ठेवली. मी त्याला मॅटबाहेर काढलं. पंधरा दिवस तो मॅट अंथरायचा, पुसायचा आणि कडेला बसून बाकीच्यांचे हात कधी सुटतात ते बघायचा. परत घेतला तेव्हा मुद्दाम त्याच्याहून १२ किलोने हलका, आठवीतला मुलगा जोडीला दिला. त्याला फेकताना याने बाही इतकी घट्ट धरून ठेवली की खांद्याची शिवण उसवली. शाळेतल्या तक्रारी लगेच थांबल्या असं मी म्हणणार नाही. कमी होत गेल्या. पण आपल्यापेक्षा दुबळं शरीर आपल्या हातात आहे आणि ते सुखरूप खाली ठेवायची जबाबदारी आपली आहे, हे चौदाव्या वर्षी अंगाने कळायला दुसरी जागा कुठे आहे, मला तरी माहीत नाही.

यावर संशोधनही झालं आहे आणि त्याचा कौल सरळसोट नाही. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतले संशोधक मायकेल ट्रल्सन यांनी गुन्ह्यांत सापडलेल्या किशोरवयीन मुलांचे तीन गट केले. एका गटाला नमस्कार, संयम, शिस्त यांसह पारंपरिक तायक्वांदो, दुसऱ्याला फक्त लाथा-ठोसे आणि लढती, तिसऱ्याला इतर व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता घटली होती, दुसऱ्याची वाढली होती. अभ्यास लहान होता, पण खेळ तोच, मुलं त्याच वयाची, आणि निकाल उलटे. नॉर्वेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर बॉक्सिंग, कुस्ती, वेटलिफ्टिंग आणि मार्शल आर्ट अशा ताकदीच्या खेळांत गेलेल्या मुलग्यांचं बेशिस्त वागणं वाढलेलं दिसलं. म्हणून ‘कुठलाही क्लास लावा, मूल सुधारेल’ असं मी कधीच सांगत नाही. शिकवणारा काय शिकवतो यावर सगळं आहे.

आता इजेचा मुद्दा. यातली भीती खरी आहे आणि प्रशिक्षकांनी ती झटकून टाकू नये. ज्युदोची जन्मभूमी जपान. तिथल्या शाळांमध्ये १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत ज्युदो करताना शंभरहून अधिक मुलं दगावली. २०१२ पासून माध्यमिक शाळांत मार्शल आर्ट सक्तीचं व्हायचं ठरलं तेव्हा यावरून मोठं वादळ उठलं. बहुतेक मृत्यू डोक्याला मार लागून, आणि त्यात नवख्या मुलांचं प्रमाण फार होतं. उकेमी पक्की झाली नसताना मागे फेकलं गेलेलं मूल, किंवा डोकं दुखतंय म्हणत असताना पुन्हा मॅटवर उभं केलेलं मूल. फ्रान्समध्ये नोंदणीकृत ज्युदो खेळाडू जपानपेक्षा कितीतरी जास्त आहेत, पण तिथे पगार घेऊन शिकवणाऱ्याला १९५५ पासून सरकारी पदविका लागते. आपल्याकडे चार महिने शिकलेला मुलगाही सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास काढू शकतो. मेसेजवाल्याने यावर लिहिलं असतं तर मीच तो पुढे पाठवला असता.

उंची खुंटते हे मात्र चूक. उंची ठरते आईवडिलांवरून आणि पोषणावरून. देखरेखीखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ थांबत नाही, हे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही स्पष्ट केलं आहे. हाडं मजबूत व्हायची हीच वर्षं, आणि अंगाचं वजन पेलणाऱ्या, उड्यांच्या व्यायामाने ती होतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. तुमचं मूल किती मिनिटं करतं, मोजून बघा. वाढीला खरा धोका आहे तो स्पर्धेच्या वजनगटात बसावं म्हणून १४ वर्षांच्या पोराला दोन दिवस उपाशी आणि तहानलेलं ठेवण्याचा. असं करायला सांगणाऱ्या प्रशिक्षकाकडून मूल त्याच दिवशी काढून घ्या.

दहावीबद्दल फार लिहित नाही. आठवड्याचे दीड-तीन तास. तेवढ्याने कुणाची टक्केवारी पडलेली मी पाहिली नाही. क्लास बंद केलेल्या मुलांचा तो वेळ पुस्तकाकडे गेला असंही सहसा दिसलं नाही. परीक्षेआधीचे दोन महिने सुट्टी घ्या, मॅट कुठे जात नाही.

मुलींचा मुद्दा मला जास्त लागला. पाच दिवसांचं शिबिर करून प्रमाणपत्र दिलं की मुलगी सुरक्षित झाली, या समजुतीला माझाही विरोध आहे. त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो, तिथे शिबिरात पाठ केलेले डाव आठवतही नाहीत. दोन-तीन वर्षं मॅटवर घालवलेल्या मुलीचं वेगळं असतं. तिची कॉलर रोज कुणीतरी धरलेली असते. धरल्यावर हातपाय गार पडायचे ते पडेनासे होतात. ती रोज पाडली जाते आणि रोज उठते. ‘सोड’ हा शब्द ती मोठ्याने, वरच्या पट्टीत म्हणू शकते, आणि तो म्हटला की समोरच्याने सोडलंच पाहिजे ही तिची अपेक्षा होऊन बसते. घरातल्या काकाला, शिकवणीच्या सरांना तो शब्द म्हणता येणं ही साधी गोष्ट नाही. अर्थात गुन्हा रोखायची जबाबदारी मुलीवर टाकून कुणी मोकळं होऊ नये.

राहिला ‘परदेशी धंदा’. ज्युदो जपानचा हे खरंच. अंगाने किरकोळ, शाळेत दांडग्या मुलांचा मार खाल्लेल्या जिगोरो कानो नावाच्या शिक्षकाने १८८२ साली तोक्योतल्या एका देवळात, १२ चटयांच्या जागेत तो सुरू केला. आपल्या मातीतलंच हवं असेल तर तालीम आहे, मल्लखांब आहे, कोल्हापूरचे मर्दानी खेळ आहेत, आनंदाने पाठवा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलोच्या आतल्या गटात सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. तेही धिप्पाड नव्हते.

पट्ट्यांचा धंदा मात्र चालतो, आणि त्याची मला लाज वाटते. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला फी, आणि वयाच्या दहाव्या वर्षी काळा पट्टा. म्हणून पैसे भरण्याआधी दोन संध्याकाळी क्लासमध्ये जाऊन बसा. नवीन मुलं काय करताहेत, पडायला शिकताहेत की आल्याआल्या लढताहेत ते पाहा. डोकं आपटलं तर काय करता, हे प्रशिक्षकाला थेट विचारा. वर्षभरात किती पट्टे मिळतात तेही विचारा. आणि एखादी फेक झाली की पडलेल्या मुलाकडे नका बघू. फेकणाऱ्याचा हात बघा, बाही अजून धरलेली आहे का.